सोयातेलाचं शुल्क आणि शेतकऱ्याचा भाव: मॉडेलिंग प्रशिक्षणातल्या प्रकल्प नोंदी

2 जून 2025, सोमवार

कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क शनिवारपासून 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आलं. पाम, सोया आणि सूर्यफूल या तिन्ही कच्च्या तेलांना ते लागू आहे. मूळ शुल्काशिवाय मालाच्या किमतीवर 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींच्या बेरजेवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार लागतो. म्हणजे शुक्रवारपर्यंत एकूण बोजा 27.5 टक्के होता, तो आता 16.5 टक्के झाला. शुद्ध केलेल्या तेलावरचा 35.75 टक्क्यांचा बोजा आहे तसाच आहे. कच्च्या आणि शुद्ध तेलातली तफावत त्यामुळे 8.25 वरून 19.25 अंकांवर गेली. शुद्ध तेल आणण्यापेक्षा कच्चं आणून इथे शुद्ध करणं फायद्याचं व्हावं, हा त्यातला उघड हेतू. महागाई आटोक्यात ठेवणं हा दुसरा.

याच आठवड्यात, 28 मे रोजी, खरिपाचे हमीभाव जाहीर झाले. सोयाबीन 4,892 वरून 5,328 रुपये क्विंटल. पाठोपाठ आलेल्या या दोन निर्णयांचा रेटा सोयाबीनच्या भावावर उलट्या दिशांनी पडतो. लातूर, हिंगोली, वाशीमकडचा शेतकरी आत्ता पेरणीच्या तयारीत आहे.

धोरण विश्लेषणासाठी आर्थिक मॉडेलिंगचा दोन आठवड्यांचा निवासी वर्ग पुढच्या सोमवारी पुण्यात सुरू होतोय. प्रत्येकाने प्रकल्पाचा विषय आधी कळवायचा होता. मी हाच कळवला: कच्च्या तेलावरचं शुल्क 10 अंकांनी उतरलं, तर सोयाबीनचा भाव, शेतकऱ्याचं उत्पन्न, गिरणीवाल्याचा नफा, घरातला तेलाचा खर्च आणि सरकारी महसूल यांचं काय होतं? पाचही गोष्टी एकाच हिशेबात हव्यात. यातला एकच धागा ओढून लिहिलेले लेख पुष्कळ वाचायला मिळतात.

9 जून, सोमवार

वर्ग सुरू झाला. सांख्यिकी खात्यातले अधिकारी, दोन बँकांच्या संशोधन विभागांतली माणसं, काही प्राध्यापक, पीएच.डी.चे विद्यार्थी. मराठवाड्यात बरीच वर्षं नोकरी केलेले एक कृषी अधिकारीही आहेत. माझा विषय कळल्यावर ते आपणहून शेजारी येऊन बसले. आमचा गट तिथेच ठरला.

पहिला दिवस इतिहासाचा होता, आणि तो उरकून टाकला नाही याचं मला फार बरं वाटलं. अर्थशास्त्रज्ञ लिओन्तिएफने 1936 मध्ये अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचा तक्ता मांडला, कोणतं क्षेत्र कुणाकडून काय विकत घेतं त्याचा. रिचर्ड स्टोनने केंब्रिजमध्ये त्याला घरांची, सरकारची आणि परदेशाची खाती जोडली. नॉर्वेच्या लाइफ योहान्सेनने 1960 मध्ये या तक्त्यात किमती हलत्या केल्या आणि सगळी समीकरणं टक्केवारीतल्या बदलांत लिहून एकदम सोडवून दाखवली. आपण ज्याला सर्वसाधारण समतोलाचं मॉडेल म्हणतो, म्हणजे सगळे बाजार एकमेकांशी जोडून एकाच वेळी सोडवणारं, त्याची ही सुरुवात.

पुढचा टप्पा ऑस्ट्रेलियातला आहे आणि तो आमच्या विषयाच्या सगळ्यात जवळचा. जुलै 1973 मध्ये व्हिटलम सरकारने तिथली सगळी आयातशुल्कं एका फटक्यात चौथ्या हिश्शाने कमी केली. कापड, पादत्राणं, मोटारी अशा उद्योगांत हाकाटी झाली. शुल्क उतरल्यावर नेमकं कुणाचं किती जातं आणि कुणाला किती मिळतं, हे सांगणारं साधन सरकारला हवं होतं. 1975 मध्ये त्यासाठी प्रकल्प सुरू झाला, आणि पीटर डिक्सन आणि सहकाऱ्यांचं ओरानी मॉडेल त्यातूनच उभं राहिलं. आम्ही शिकतोय ते त्याचंच सर्वसाधारण रूप, ओरानी-जी. ते ज्यावर चालतं ते जेमपॅक सॉफ्टवेअरही तिथलंच. शुल्काच्या प्रश्नासाठी घडवलेलं साधन आम्ही शुल्काच्या प्रश्नालाच लावतोय.

10 जून, मंगळवार

दिवसभर फळ्यावर बीजगणित. महसूल म्हणजे किंमत गुणिले नग. टक्केवारीत लिहिलं की गुणाकाराची बेरीज होते. किंमत 10 टक्के आणि नग 20 टक्के वाढले तर बेरीज सांगते 30, खरं उत्तर 32. बदल लहान असेल तर हा फरक नगण्य. मोठा असेल तर मॉडेल तो बदल लहान लहान पायऱ्यांत चढतं आणि प्रत्येक पायरीवर तक्ता नव्याने मांडतं. शुल्कातला आमचा बदल मोठा आहे, त्यामुळे पायऱ्या लागणारच.

11 जून, बुधवार

आज तक्ता उघडला आणि खरं काम सुरू झालं.

लिओन्तिएफच्या धर्तीवरच्या 2007-08 च्या राष्ट्रीय आदान-प्रदान तक्त्यात 130 क्षेत्रं आहेत. भुईमूग वेगळा, नारळ वेगळा. सोयाबीनच्या नावाची ओळ नाही. ते 'इतर तेलबिया' मध्ये मोहरी, तीळ, सूर्यफूल, करडई यांच्याबरोबर आहे. वनस्पती तूप सोडून बाकी सगळं खाद्यतेल एका ओळीत. आज महाराष्ट्रात सुमारे 50 लाख हेक्टरवर जे पीक उभं राहतं, ते राष्ट्रीय हिशेबात 'इतर' आहे.

यात तक्ता करणाऱ्यांना दोष द्यायचा हेतू नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण धोरणाचा परिणाम कुणाला दिसेल आणि कुणाला दिसणार नाही, हे त्या रेघेवरच ठरून जातं. एकत्र तेलबियांवर मॉडेल चालवलं असतं तर राजस्थानातली मोहरी आणि मराठवाड्यातलं सोयाबीन यांची सरासरी मिळाली असती. मोहरीच्या तेलाला उत्तरेत आपलं स्वतःचं गिऱ्हाईक आहे, आयात पाम तेलाने ते फारसं हलत नाही. सोयातेलाचं तसं नाही. या दोघांची सरासरी काढली तर ती कुणाच्याच उपयोगाची नाही.

म्हणून ओळ फोडायची ठरली. 'इतर तेलबिया' मधून सोयाबीन वेगळं, आणि खाद्यतेलाच्या ओळीतून सोया प्रक्रिया, पाम शुद्धीकरण आणि उरलेलं तेल असे तीन तुकडे. आधार म्हणून पिकांची क्षेत्र आणि उत्पादन आकडेवारी, मोंढ्यातले भाव आणि आयातीच्या नोंदी.

12 जून, गुरुवार

फोडलेला तक्ता जुळवण्यात दिवस गेला. प्रत्येक क्षेत्राने विकलेल्या मालाची बेरीज त्याच्या एकूण खर्चाइतकी यायला हवी. ओळी जुळवल्या की स्तंभ बिघडतात, स्तंभ जुळवले की ओळी. आळीपाळीने दोन्ही ताणत गेलं की हळूहळू दोन्हीकडचा फरक शून्याकडे येतो. ही स्टोनच्या गटाची जुनी पद्धत, आजही तीच वापरतात.

13 जून, शुक्रवार

आज दुपारी गाडी एका जागी थांबली, आणि ती थांबवली कृषी अधिकाऱ्यांनी. आमच्या फोडलेल्या तक्त्यात सोया प्रक्रियेचं उत्पादन म्हणून एकच वस्तू होती, तेल. ते म्हणाले, "ताई, सोयाबीन कुणी नुसत्या तेलासाठी गाळत नाही. क्विंटलला 18 किलो तेल निघतं, बाकीची पेंड. गिरणीवाला मोंढ्यात बोली लावतो ती पेंडेचा भाव बघून."

त्यांचं म्हणणं संध्याकाळी कागदावर मांडून बघितलं. हिशेबासाठी धरलेले गोल आकडे: एका क्विंटलातून 18 किलो तेल आणि 80 किलो पेंड, तेल गिरणीच्या दारात 120 रुपये किलो, पेंड 35 रुपये किलो.

तेलाचे 2,160, पेंडेचे 2,800, मिळून 4,960 रुपये. गाळपाचा खर्च आणि गिरणीचा नफा 300 धरला, तर गिरणी सोयाबीनला 4,660 देऊ शकते. एकूण उत्पन्नात तेलाचा वाटा 44 टक्क्यांच्या आसपास, निम्म्याहून जास्त पेंडेचा.

आता शुल्क उतरवू. बोजा 27.5 वरून 16.5 झाला म्हणजे बंदरावरच्या तेलाची शुल्कासह किंमत 1.275 वरून 1.165 झाली, 8.6 टक्के कमी. ही सगळी घट देशी तेलाच्या भावात उतरली असं धरलं, तर 2,160 मधले 186 रुपये गेले. गिरणीने आपला वाटा सोडला नाही तर ते सगळे सोयाबीनच्या भावातून जाणार: 4,660 मधून 186, म्हणजे 4 टक्के.

हाच कागद उलटा चालवला तर मागच्या वर्षीचं एक कोडं सुटतं. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या तेलावरचा बोजा 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेला होता, सोयाबीनला भाव मिळावा म्हणूनच. तरीही त्या हंगामात मोंढ्यातले भाव हमीभावाच्या खालीच राहिले. आमच्या आकड्यांत त्या वाढीमुळे तेलाच्या बाजूने क्विंटलमागे सुमारे 373 रुपये मिळायला हवेत. पण 80 किलो पेंड किलोमागे 4 रुपये 70 पैशांनी उतरली की तेवढेच रुपये दुसऱ्या बाजूने निघून जातात. आणि पेंडेवर दाब होताच. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले, त्यांच्याकडून निघणारा डीडीजीएस हा स्वस्त चोथा कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात सोयापेंडेची जागा घ्यायला लागला. बाहेरच्या बाजारात ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड स्वस्त.

म्हणजे सोयाबीनच्या भावाचा प्रश्न निम्म्याहून जास्त इथेनॉल धोरणाशी आणि कुक्कुटपालनाशी बांधलेला आहे, आणि चर्चा मात्र सगळी तेलाच्या शुल्कावर होते. सर्वसाधारण समतोलाचं मॉडेल का हवं, याचं मला आत्तापर्यंत मिळालेलं सगळ्यात पटणारं उत्तर हेच आहे. तेलाचा बाजार एकटा बघितला असता तर पेंड दिसलीच नसती.

तक्त्यात बदल केला: सोया प्रक्रिया आता ठरलेल्या प्रमाणात दोन वस्तू बनवते, आणि पेंडेच्या ओळीत गिऱ्हाईक म्हणून कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय आणि निर्यात.

16 जून, सोमवार

आज क्लोजर. या वर्गातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला विषय, म्हणून सविस्तर लिहिते.

मॉडेलमध्ये समीकरणांपेक्षा चलं जास्त असतात. जितकी समीकरणं तितकीच चलं मॉडेल स्वतः काढू शकतं. उरलेली आपण बाहेरून ठरवून द्यायची. कोणती बाहेरून आणि कोणती आतून, या वाटणीला क्लोजर म्हणतात. वाटणी चुकीची झाली तर जेमपॅक मॅट्रिक्स सिंग्युलर असल्याचा संदेश देऊन थांबतं, ते ठीक. पण गणिताच्या दृष्टीने योग्य अशा वाटण्या पुष्कळ असतात, त्या सगळ्या चालतात, आणि प्रत्येक वाटणी वेगळं उत्तर देते.

ठरलेली अल्पकालीन वाटणी अशी: भांडवल जिथे आहे तिथेच स्थिर, खरी मजुरी स्थिर, रोजगार हलतो. दीर्घकालीन वाटणीत उलट: रोजगार स्थिर, मजुरी हलते, आणि भांडवल परतावा असेल तिकडे जातं. एकाच शुल्ककपातीला पहिली वाटणी सांगते की अमुक लोकांचं काम गेलं, दुसरी सांगते की काम सगळ्यांना आहे पण मजुरी बदलली. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. वर्तमानपत्रात यातला एकच आकडा छापून येतो, क्लोजर छापून येत नाही.

आमच्या प्रकल्पात तीन निर्णय घ्यावे लागले.

पहिला, जमीन. पेरणी झाल्यावर सोयाबीनची जमीन सोयाबीनचीच. पण शुल्क उतरलं ते पेरणीच्या आधी, आणि यंदा मक्याकडे ओढा आहे असं कृषी अधिकारी सांगतात. म्हणून दोन वेगळे प्रयोग करायचे: एकात जमीन गोठवलेली, दुसऱ्यात ती मका, तूर आणि कापसाकडे सरकू शकते.

दुसरा, सरकारी तिजोरी. शुल्काचा महसूल घटला तर ती तूट कशी भरायची? तूट वाढू द्यायची, खर्च कापायचा, की दुसरा एखादा कर वाढवायचा? काहीच न ठरवता मॉडेल चालवलं तर ते गुपचूप एक पर्याय धरतं, आणि ग्राहकाचा फायदा हवेतून आल्यासारखा दिसतो. आम्ही तूट स्थिर धरली आणि घरांवरच्या थेट कराने ती जागा भरली. हे प्रत्यक्षात असंच होईल असं म्हणणं नाही. पैसा कुठून तरी यावा लागतो हे हिशेबात उघड दिसावं, एवढ्यासाठी.

तिसरा निर्णय हमीभावाचा. त्याने उद्याचा पूर्ण दिवस घेतला, म्हणून उद्याच्या नोंदीत.

17 जून, मंगळवार

प्रत्येक नव्या मॉडेलची एक ताळ्याची चाचणी असते. सगळ्या किमती ज्याच्या तुलनेत मोजतो ते परिमाण, आमच्याकडे विनिमय दर, 1 टक्क्याने वाढवायचं आणि बाकी काही बदलायचं नाही. रुपयांत मोजलेली प्रत्येक गोष्ट बरोबर 1 टक्क्याने वाढली पाहिजे, आणि नगात मोजलेली प्रत्येक गोष्ट शून्य. नुसती मोजपट्टी बदलली म्हणून शेतात एक पोतंही जास्त पिकू नये.

सकाळी हमीभाव घातलेल्या मॉडेलवर ही चाचणी लावली. पडद्यावर किमतींचा स्तंभ सरळ खाली उतरत होता: 1.000, 1.000, 1.000. सोयाबीनच्या ओळीवर 0.000. त्याच्या पुढे पेंड 1 च्या किंचित खाली, कोंबडी किंचित खाली, आणि नगांच्या स्तंभात शून्याऐवजी बारीक बारीक आकडे सगळीकडे पसरलेले. आमचे प्रशिक्षक सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या एका शून्याने तुम्हाला सांगितलंय की तुमच्या देशात हमीभाव रुपयांत ठरतो आणि वर्षभर हलत नाही."

बरोबर आहे. हमीभाव ठरावीक रुपयांचा असतो. बाकी सगळं महाग झालं आणि तो तिथेच राहिला तर त्याची खरी किंमत घटते. चाचणीसाठी तो सर्वसाधारण किंमत पातळीला बांधावा लागतो, आणि एका वर्षाच्या आतल्या प्रश्नासाठी पुन्हा सोडावा लागतो. तसं केल्यावर चाचणी स्वच्छ आली.

पण खरा प्रश्न त्याच्या पुढचा. हमीभाव म्हणजे बाजारभावाची खालची मर्यादा असं मॉडेलमध्ये लिहिणं सोपं आहे: भाव त्याच्या वर असेल तर सरकारी खरेदी शून्य, भाव तिथे टेकला तर उरलेला माल सरकार घेतं. असं लिहून शुल्क उतरवलं तर शेतकऱ्याचं काहीच नुकसान होत नाही. सगळा बोजा सरकारी खरेदीवर जातो आणि ती फुगत जाते.

कृषी अधिकारी त्या पडद्याकडे बघून बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खरेदी केंद्रावरची परिस्थिती सांगितली. नोंदणी, बारदाना, आणि सगळ्यात आधी ओलावा. मालात 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला की माल परत. ऑक्टोबरात पाऊस लांबला की काढणीनंतर तो 12 वर येतच नाही. मागच्या नोव्हेंबरात ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती. आणि ज्याला सणाआधी देणी भागवायची असतात तो खरेदी केंद्राची वाट बघत नाही, मोंढ्यात आडतीवर घालून मोकळा होतो. हमीभाव कागदावर सगळ्यांना आहे; सरकारी खरेदी मात्र पिकाच्या एका मर्यादित हिश्शाचीच होते.

म्हणून सरकारी खरेदीचे नग आम्ही बाहेरून स्थिर केले. तेवढ्या मालाला हमीभाव, बाकीच्याला बाजारभाव. मॉडेलमधली ही एक ओळ बदलली आणि उत्तर पूर्ण फिरलं. आधी नुकसान सरकारच्या खात्यात दिसत होतं, आता ते शेतकऱ्याच्या घरात दिसायला लागलं. अहवालात हे सगळ्यात वर, ठळक लिहायचं. वाचणाऱ्याला दुसरं गृहीतक पटत असेल तर त्याने ते बदलून उत्तर बघावं, पण गृहीतक झाकलेलं नसावं.

18 जून, बुधवार

आज मुख्य प्रयोग. मॉडेल काही सेकंदांत चालतं. दिवस जातो तो उत्तर समजून घेण्यात. इथला दंडक असा की पडद्यावरच्या आकड्याचं कारण कागद आणि पेन्सिलीने सांगता येत नसेल, तर तो आकडा कुणाला दाखवायचा नाही.

शेतकऱ्याच्या उत्पन्नाची ओळ सोयाबीनच्या भावाच्या ओळीपेक्षा कितीतरी जास्त उतरलेली दिसत होती. पहिल्यांदा बघणाऱ्याला शंका येईल. कागदावर असं: समजा सोयाबीनच्या उत्पादन मूल्यात 60 टक्के बियाणं, खत, फवारणी, मजुरी, यंत्रभाडं आणि 40 टक्के जमिनीचा आणि घरच्यांचा मोबदला. भाव 4 टक्के उतरला, खतवाल्याने किंवा ट्रॅक्टरवाल्याने दर कमी केला नाही, तर सगळी घट त्या 40 वर येते. 4 भागिले 0.4, म्हणजे 10 टक्के. भावातली 4 टक्क्यांची घट घरात येणाऱ्या उत्पन्नात 10 टक्क्यांची होते. कोरडवाहू शेतीत जिथे बाहेरचा खर्च जास्त, तिथे हा आकडा आणखी वाढतो. 'भाव थोडासाच उतरला' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा भागाकार दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

जमीन सरकू दिलेल्या प्रयोगात घट कमी येते, कारण सोयाबीनचा पेरा आकसतो. पण पेरा आकसला की देशी गाळप आकसतं, आयात वाढते. खाद्यतेलात स्वयंपूर्णता हे उद्दिष्ट आणि शुल्ककपात यांचा मेळ इथे बसत नाही, आणि मॉडेल ते सरळ दाखवतं.

दुसऱ्या बाजूला फायदेही खरे आहेत. घरचं तेल स्वस्त होतं, आणि गरीब घराच्या खर्चात तेलाचा हिस्सा जास्त असल्याने त्याला तुलनेने जास्त मिळतं. त्यात सोयाबीन पिकवणारं घरही आलं, तेही तेल विकतच घेतं. शुद्धीकरण करणाऱ्या बंदराजवळच्या कारखान्यांना तफावतीचा लाभ मिळतो.

दोन मर्यादांवर संध्याकाळी चर्चा झाली. पहिली, आयात तेल आणि देशी तेल एकमेकांची जागा किती सहज घेतात हा आकडा. अर्थशास्त्रज्ञ आर्मिंग्टनने 1969 मध्ये मांडलेल्या या कल्पनेवर व्यापाराची जवळजवळ सगळी मॉडेल्स उभी आहेत. तो मोठा धरला तर शुल्कातली घट पूर्ण झिरपते आणि आमचे 4 टक्के मिळतात. लहान धरला, निम्मीच घट झिरपली, तर 2 टक्के, आणि घरातल्या उत्पन्नात 5. म्हणून एकच आकडा देणार नाही, पट्टा देणार.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर. आमचं मॉडेल एका देशाचं, त्यात जागतिक भाव ठरलेला. पण भारत हा खाद्यतेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार. आपण शुल्क उतरवलं की आपली मागणी वाढते आणि इंडोनेशिया-मलेशियातला पामचा भावच थोडा चढतो. सोडलेल्या शुल्काचा काही भाग मग आपल्या ग्राहकाला न मिळता तिकडच्या मळेवाल्याला मिळतो. हे मोजायला अनेक देशांचं मॉडेल लागतं; पर्ड्यू विद्यापीठात 1992 पासून चाललेल्या जीटॅप प्रकल्पाचं त्यासाठी वापरतात. पण तिथे तेलबिया हे पुन्हा एकच क्षेत्र आहे. एका मॉडेलमध्ये सोयाबीन दिसतं पण जग स्थिर, दुसऱ्यात जग हलतं पण सोयाबीन दिसत नाही. दोन्ही लागतील.

19 जून, गुरुवार

सादरीकरणं आजच आटोपली, कारण उद्या दोन्ही पालख्या पुण्यात येतायत आणि रस्ते बंद असतील.

आमच्या सादरीकरणानंतर बँकेतल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "शुल्ककपात चांगली की वाईट, एका वाक्यात सांगा ना." एका वाक्यात सांगितलं ते असं: तेल विकत घेणाऱ्या सगळ्यांना थोडं थोडं मिळतं, सोयाबीन पिकवणाऱ्या थोड्यांचं बरंच जातं, आणि त्यांना भरपाई देण्याचं कोणतंही कलम त्या निर्णयात नाही. देशाच्या एकूण उत्पन्नातला बदल शून्याजवळ येतो. त्या शून्याकडे बघून 'परिणाम नगण्य' असं लिहिणं हे या साधनाचा दुरुपयोग आहे, असं माझं स्पष्ट मत मी तिथे मांडलं. सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला.

सांख्यिकी खात्यातल्या मॅडमनी विचारलेला प्रश्न जास्त कामाचा होता: पेंडेचा भाव मोंढ्याच्या भावासारखा रोज कुठे नोंदला जातो का? कृषी अधिकारी म्हणाले, "गिरणीच्या फाटकावर फळा असतो, मॅडम. रोज खडूने लिहितात, रोज पुसतात." तो फळा आमच्या आकडेवारीत यायला हवा.

23 जून, सोमवार

कार्यालयात परत. मराठीत दोन पानी टिपण लिहायला घेतलं आहे, कृषी आणि पणन विभागासाठी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी. पहिल्या पानावर गिरणीच्या दारातला हिशेब आणि त्याखाली तो 4 भागिले 0.4 चा भागाकार. दुसऱ्या पानावर गृहीतकं, प्रत्येकाच्या पुढे 'हे बदललं तर उत्तर कुठे सरकतं'. मॉडेलचे आकडे त्यानंतर, पट्ट्याच्या रूपात.

पुढची कामं: पुरवठा-वापर तक्ते (कोणती वस्तू कोण बनवतं आणि कोण वापरतं याचे) 140 वस्तूंचे आहेत, त्यावर हीच फोड पुन्हा करून बघायची. राष्ट्रीय निकाल जिल्ह्यांच्या पेऱ्यानुसार लातूर, धाराशिव, वाशीम, हिंगोलीपर्यंत उतरवायचा. इथेनॉलसाठी मक्याच्या मागणीचा वेगळा शॉक, म्हणजे बाहेरून घातलेला बदल, मॉडेलला द्यायचा, त्यात डीडीजीएस पेंडेच्या शेजारी स्वतंत्र वस्तू म्हणून. कृषी अधिकाऱ्यांनी तीन गिरण्यांशी बोलणं केलं आहे. फळ्यावरचे पेंडेचे भाव जुलैपासून रोज कळवतील.